'द डोअर्स' : पहिल्याच अल्बममधील संगीतप्रवाह आणि त्यांचा पुढचा परिणाम

खर्ज (धागालेखक)

४ जानेवारी १९६७ रोजी इलेक्ट्रा या अमेरिकन कंपनीने लॉस एंजेलिसच्या 'द डोअर्स' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम प्रसिद्ध केला. या अल्बमबद्दलची आपल्याकडची चर्चा बहुधा जिम मॉरिसनच्या आयुष्याभोवती फिरते. त्याची कविता, त्याचे व्यसन, १९७१ मध्ये पॅरिसला झालेला त्याचा मृत्यू, एवढ्यावर ती संपते. या धाग्यावर आपण संगीताबद्दल बोलावे, अशी विनंती आहे. अकरा गाण्यांच्या आणि सुमारे ४४ मिनिटांच्या या अल्बममध्ये जितक्या वेगवेगळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात, तितक्या त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही पहिल्या रॉक अल्बममध्ये मला आढळलेल्या नाहीत.

बँडमधले चौघेही वेगवेगळ्या वाटांनी आले होते. की-बोर्ड वाजवणारा रे मँझारेक शिकागोत वाढला. पियानोचे रीतसर शिक्षण आणि शहरातला ब्लूज हे दोन्ही संस्कार त्याच्यावर झाले होते. गिटारवादक रॉबी क्रीगर फ्लामेंको ही स्पॅनिश गिटारशैली शिकलेला होता, त्यामुळे तो विद्युत गिटारसुद्धा पिकशिवाय, बोटांनीच छेडत असे. ड्रमर जॉन डेन्समोर जॅझमध्ये मुरलेला होता आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीतला ड्रमर एल्विन जोन्स हा त्याचा आदर्श होता. मॉरिसनला कोणतेही वाद्य येत नव्हते. तो कविता आणि चित्रपटाचे शिक्षण घेऊन आला होता.

या बँडला कायमचा बेसवादक नव्हता, आणि माझ्या मते ही गोष्ट निर्णायक ठरली. मँझारेक उजव्या हाताने व्हॉक्स कॉन्टिनेन्टल ऑर्गन वाजवी आणि डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्स पियानो बेसवर खालचे स्वर धरी. एकाच माणसाचा डावा हात बेस वाजवत असल्यामुळे त्या बेसच्या ओळी लहान आणि पुनरावृत्त राहिल्या, जवळजवळ मंत्रासारख्या. दुसरा गिटारवादकही नसल्याने वाद्यांच्या मध्ये पुष्कळ मोकळी जागा उरली. त्या मोकळ्या जागेमुळेच प्रत्येकाचा संस्कार वेगळा ऐकू येतो, असे माझे मत आहे.

पहिलेच गाणे घ्या. 'ब्रेक ऑन थ्रू'च्या सुरुवातीला डेन्समोर ड्रमच्या कडेवर जो ठेका वाजवतो, तो ब्राझीलच्या बोसा नोव्हामधून घेतलेला आहे. मँझारेकच्या बेसमध्ये रे चार्ल्सच्या 'व्हॉट्ड आय से' या गाण्याची छाया आहे. क्रीगरची गिटारची ओळ ब्लूज गायक एल्मोर जेम्सच्या 'शेक युअर मनीमेकर'वर बेतलेली आहे, आणि तीही पॉल बटरफिल्डच्या ब्लूज बँडने ते गाणे ज्या पद्धतीने वाजवले त्या पद्धतीची. ब्राझील, अमेरिकेच्या दक्षिणेतले सोल आणि शिकागोचा ब्लूज हे तिन्ही अडीच मिनिटांत येतात, आणि तरीही गाणे ठिगळे जोडल्यासारखे वाटत नाही.

'लाइट माय फायर' आणि 'द एंड' या दोन गाण्यांविषयी मला जाणकारांचे मत हवे आहे. 'द एंड'मध्ये भारतीय संगीताचा प्रभाव आहे, हे विधान जवळजवळ प्रत्येक परीक्षणात सापडते. तो प्रभाव नेमका कशात आहे?

तिरकिट

उत्तम धागा. मी तबला वाजवतो, त्यामुळे प्रथम 'लाइट माय फायर'कडे वळतो, कारण 'द एंड'चे उत्तर तिथूनच सुरू होते असे मला वाटते.

या गाण्याचा मोठा भाग क्रीगरने रचला. दुसऱ्या कडव्याचे शब्द मॉरिसनचे आहेत, ऑर्गनची सुरुवात मँझारेकची आहे आणि कडव्याखालचा लॅटिन वळणाचा ठेका डेन्समोरचा. सुरुवातीचा ऑर्गन ऐकताना जर्मन संगीतकार बाखची आठवण येते, आणि ती योग्यच आहे. एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट असे स्वरसंघ (कॉर्ड) षड्ज-मध्यम भावाने एकामागून एक सरकत जातात, आणि हा युरोपीय शास्त्रीय संगीतातला जुना मार्ग आहे. मात्र कडवे आणि ध्रुवपद संपून वादनाचा भाग सुरू झाला की ते सरकणे पूर्णपणे थांबते. तिथून पुढे कित्येक मिनिटे फक्त ए मायनर आणि बी मायनर हे दोनच स्वरसंघ आलटून पालटून येत राहतात आणि त्यांच्यावर आधी ऑर्गन, मग गिटार विस्तार करते.

ही कल्पना कोल्ट्रेनची आहे, आणि बँडच्या सदस्यांनीही ते ऋण वेळोवेळी मान्य केले आहे. १९६१ च्या 'माय फेव्हरिट थिंग्ज'मध्ये कोल्ट्रेनची चौकडी ई मायनर आणि एफ शार्प मायनर यांच्यावर अशीच दीर्घकाळ थांबते. दोन्ही ठिकाणी स्वरसंघांचे परस्परनाते अगदी एकच आहे, फक्त पट्टी वेगळी आहे. कोल्ट्रेनचा ताल तीन मात्रांचा आहे, डोअर्सचा चारचा. आपल्या पद्धतीने पाहिले तर, ए हा षड्ज मानल्यास येणारे स्वर काफी थाटाचे आहेत : गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. त्यामुळे भारतीय कानाला तो भाग ओळखीचा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र काफी थाटाचे स्वर आले म्हणजे राग झाला नाही. स्वरांचे चलन, न्यास, वादी-संवादी यांपैकी काहीही तिथे नाही, आणि असावे अशी अपेक्षाही धरू नये.

ज्या कोल्ट्रेनकडून हे आले, तो स्वतः रविशंकरांचे संगीत मनापासून ऐकत असे. १९६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले, ते त्यांच्याच नावावरून. म्हणजे डोअर्सपर्यंत भारतीय संगीत सतारीच्या तारेवरून पोहोचले त्याहून अधिक सॅक्सोफोनमधून पोहोचले. कोल्ट्रेनचे निधन १७ जुलै १९६७ रोजी झाले आणि त्यानंतर बाराच दिवसांनी, २९ जुलैला, 'लाइट माय फायर' अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ज्याच्या कल्पनेवर ते वादन उभे होते तो ते पाहायला नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तररात्र

तिरकिट यांचे विवेचन पटले, तरी थेट भारतीय प्रभाव इतका कमी लेखू नये, असे मला वाटते. क्रीगर आणि डेन्समोर हे दोघेही रविशंकरांच्या किन्नरा संगीत विद्यालयात शिकत होते. मँझारेक, क्रीगर आणि डेन्समोर यांची ओळखच मुळी लॉस एंजेलिसमधल्या महर्षी महेश योगींच्या ध्यानवर्गात झाली. हे सारे लक्षात घेतले तर 'द एंड'मागे प्रत्यक्ष शिक्षण होते असे म्हणायला काय हरकत आहे?

तबकडी

आपण दिलेली माहिती बरोबर आहे, परंतु तिचा कालक्रम पाहावा लागेल. किन्नरा विद्यालय रविशंकरांनी १९६२ मध्ये मुंबईत सुरू केले. त्याची लॉस एंजेलिसमधली शाखा मे १९६७ मध्ये उघडली. या अल्बमचे ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९६६ मध्ये झाले, तेव्हा ती शाखा अस्तित्वातच नव्हती. म्हणून किन्नरातले शिक्षण हे 'द एंड'चे कारण ठरू शकत नाही. उलट 'द एंड'मध्ये जी ओढ दिसते, तीच त्या दोघांना पुढे तिथे घेऊन गेली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

ती ओढ कुठून आली हे शोधायला शहराचा नकाशा उपयोगी पडतो. डोअर्सची सहा गाण्यांची पहिली नमुना-मुद्रणे सप्टेंबर १९६५ मध्ये वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत झाली. क्रीगर तेव्हा बँडमध्ये आला नव्हता, पण या अल्बममधले 'एंड ऑफ द नाइट' त्या सहांत होते. रविशंकरांच्या तबकड्या अमेरिकेत काढणारी कंपनी हीच वर्ल्ड पॅसिफिक. मार्च १९६६ मध्ये त्याच शहरातल्या बर्ड्स या बँडचे 'एट माइल्स हाय' आले, आणि त्यात कोल्ट्रेन व रविशंकर या दोघांचाही प्रभाव उघड आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये, म्हणजे डोअर्स मुद्रण करत होते त्याच महिन्यात, इलेक्ट्रानेच बटरफिल्ड बँडचा 'ईस्ट-वेस्ट' प्रसिद्ध केला. त्याचे तेरा मिनिटांचे शीर्षकवादन भारतीय संगीताच्या प्रेरणेतून आले होते. डोअर्सचा निर्माता पॉल रॉथचाइल्ड याने बटरफिल्डच्या बँडचा पहिला अल्बमही केला होता. अशा वातावरणात वर्गात न बसताही पुष्कळ काही कानावर पडत होते.

तिरकिट

तबकडी यांनी कालक्रम स्पष्ट केला हे फार चांगले झाले. आता 'द एंड'मध्ये भारतीय काय आहे, या मूळ प्रश्नाकडे येतो.

क्रीगरने गिटारच्या तारा नेहमीप्रमाणे न लावता डी या स्वराभोवती लावल्या आहेत, त्यामुळे सूर धरून ठेवणाऱ्या तारा मोकळ्या वाजत राहतात आणि एका तारेवर सुरावट फिरते. तानपुऱ्याचे आणि सतारीचे काम एकाच वाद्यावर करण्याचा हा प्रयत्न आहे. तो षड्ज साडेअकरा मिनिटांहून अधिक काळ हलत नाही. पाश्चात्त्य गाण्यात ताण निर्माण होतो तो स्वरसंघ बदलल्यामुळे. इथे तो मार्गच बंद केल्यामुळे ताण निर्माण करायला लय, आवाजाची पातळी आणि वादनातली घनता एवढीच साधने उरतात. सुरुवातीला खंजिरीची किणकिण आणि गिटारची दोन-तीन स्वरांची हालचाल आहे. डेन्समोर बराच वेळ ठेका असा देतच नाही, तो शब्दांच्या मधल्या जागांमध्ये एकदम उसळतो आणि पुन्हा शांत होतो. शेवटाकडे लय वाढत वाढत अनावर होते आणि मग सगळे पुन्हा मूळ गतीला येते. आलाप, जोड, झाला या क्रमाची आठवण या रचनेत स्पष्ट आहे.

तरीही मी याला रागसंगीत म्हणणार नाही. शेवटी मूळ गतीला परत येणे हे गाण्याच्या पाश्चात्त्य घडणीतून आले आहे, आणि बोटांनी छेडण्याची क्रीगरची रीत फ्लामेंकोची आहे. मात्र एका स्वरावर थांबून राहण्याचा धीर त्यांनी आपल्या संगीतातून घेतला, आणि एवढे मान्य केले तरी ते फार मोठे आहे. जून १९६७ मध्ये माँटेरे येथील महोत्सवात रविशंकरांनी अमेरिकन तरुणांसमोर वादन केले, तिथे डोअर्स नव्हते. त्या दिवशी श्रोत्यांनी ज्या एकाग्रतेने ते वादन ऐकले, तिची तयारी अशा गाण्यांनी थोडीफार करून ठेवली होती, असे मी मानतो.

नेपथ्य

संगीताच्या चर्चेत नाटकाचा धागा राहून जाऊ नये म्हणून लिहितो. या अल्बममधले पाचवे गाणे 'अलाबामा साँग' हे कुर्ट वाइलचे संगीत आणि बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले शब्द. ते १९२७ च्या 'महागोनी' या छोटेखानी संगीतनाट्यातले, आणि पुढे १९३० मध्ये लाइपझिगला सादर झालेल्या पूर्ण ऑपेरातलेही आहे. बर्लिनच्या मद्यगृहांतला तो लंगडत चालणारा ठेका मँझारेकने मार्क्सोफोन या तंतुवाद्याच्या खणखणाटाने अधिकच विचित्र केला. ब्रेख्तच्या रंगभूमीवर गाणे प्रेक्षकाला कथेत बुडवत नाही, त्याला बाहेर काढून विचार करायला लावते. डोअर्सच्या अल्बममध्येही हे गाणे नेमके तेच करते. त्याच्या आधीची चार गाणी श्रोत्याला सवयीची होत आलेली असतात, इतक्यात हे अनोळखी जर्मन जत्रेतले गाणे येते आणि लगेच 'लाइट माय फायर' सुरू होते. या क्रमाला मी अल्बममधला सर्वांत धाडसी निर्णय मानतो.

मराठी प्रेक्षकाला वाइल-ब्रेख्त जोडी अपरिचित नाही. त्यांच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, आणि त्यात नंदू भेंडे यांच्यासारख्या मुंबईच्या रॉक गायकाचा संगीतात आणि गाण्यात मोठा वाटा होता. वाइलच्या संगीतात लोकप्रिय गाणे आणि नाट्य यांचा जो सांधा आहे, तो लॉस एंजेलिसला रॉकमधून सापडला आणि पुण्यात तमाशा व रॉक या दोहोंतून. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण सांधा एकच आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

उत्तररात्र

कालक्रमाबद्दल तबकडी यांचे आभार. एका मुद्द्यावर मात्र मी धागालेखकांशी असहमत आहे. मॉरिसनला संगीताच्या चर्चेतून बाहेर ठेवता येणार नाही, कारण त्याचा आवाज हाही एक संगीतसंस्कार आहे. त्याला एल्विस प्रेस्ली आणि फ्रँक सिनात्रा हे दोघेही प्रिय होते. 'द क्रिस्टल शिप' ऐकताना लक्षात येते की हा रॉक गायकाचा आवाज नाही. मायक्रोफोनच्या जवळ जाऊन, शब्द लांबवत, श्वास सांभाळत गाणाऱ्या जुन्या अमेरिकन गायकांची ती पद्धत आहे. दुसऱ्या बाजूला 'बॅक डोअर मॅन' आहे, विली डिक्सनने लिहिलेले आणि हाउलिन वुल्फने गाजवलेले. तिथे तोच आवाज घशातून गुरगुरतो. हाउलिन वुल्फच्या मूळ गाण्यातला दरारा मॉरिसनला पेलला आहे असे मला वाटत नाही, आणि पूर्ण अल्बममध्ये मला तेच गाणे सर्वांत कच्चे वाटते. मात्र हे दोन्ही आवाज एकाच गायकात असल्यामुळे 'द एंड' शक्य झाले, कारण तिथे तो कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो.

शब्दांचे संस्कारही पुस्तकी आहेत. बँडचे नाव ऑल्डस हक्स्लीच्या पुस्तकाच्या शीर्षकातून आणि त्यामागे विल्यम ब्लेकच्या ओळीतून आले. 'एंड ऑफ द नाइट'चे शीर्षक फ्रेंच लेखक सेलीनच्या कादंबरीवरून आहे आणि त्यात ब्लेकच्या ओळी जवळजवळ तशाच आल्या आहेत. इंग्रजी रोमँटिक कवितेचे असे उघड उसने त्या काळच्या लोकप्रिय गाण्यात क्वचितच दिसे.

तबकडी

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडे. सनसेट साउंड या स्टुडिओत चार ट्रॅकच्या यंत्रावर, सुमारे एका आठवड्यात हे काम पूर्ण झाले. ध्वनिमुद्रक ब्रूस बॉटनिक होता. इतक्या थोड्या वेळात ते होऊ शकले याचे कारण १९६६ चा उन्हाळा त्यांनी सनसेट स्ट्रिपवरच्या व्हिस्की अ गो गो या क्लबमध्ये रोज रात्री वाजवण्यात घालवला होता. 'द एंड' हे मुळात प्रेमभंगाचे छोटे गाणे होते, ते त्या मंचावर रात्रीगणिक वाढत गेले. त्यातल्या ईडिपसच्या (बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक नाटकातल्या राजाच्या) उताऱ्यामुळेच ऑगस्टमध्ये क्लबने त्यांना काढून टाकले, आणि त्याच महिन्यात ते गाणे फितीवर उतरले. अल्बममध्ये आपण ऐकतो ते दोन वेळच्या वादनांचे भाग जोडून तयार झालेले आहे.

बेसविषयी धागालेखकांच्या विधानाला एक पुरवणी. मंचावर मँझारेकचा डावा हात पुरत असे, परंतु मुद्रणात त्या स्वरांना धार कमी पडत होती, म्हणून काही गाण्यांवर लॅरी नेकटल या स्टुडिओ-वादकाने बेस गिटार वाजवली. 'लाइट माय फायर'वरही तो आहे. अल्बमवर त्याचे नाव दिले गेले नव्हते. तरीही मूळ मुद्दा टिकतो, कारण नेकटल मँझारेकच्याच ओळी दुहेरी करतो.

आणखी एक गोष्ट तिरकिट यांना आवडेल. अनेक दशके हा अल्बम योग्य वेगापेक्षा हळू वाजत होता, त्यामुळे गाण्यांची पट्टी उतरलेली होती. चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने केलेल्या नव्या मिश्रणात बॉटनिकने वेग दुरुस्त केला. जुन्या तबकडीबरोबर हार्मोनियम धरून पाहिलेल्या कोणालाही सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो हे जाणवले असेल.

खर्ज (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. मॉरिसनच्या आवाजाबद्दलचा उत्तररात्र यांचा मुद्दा मला मान्य आहे. आवाज हे वाद्य मानून केलेली अशी चर्चाच मला हवी होती. आता परिणामाकडे वळू या.

व्यावसायिक यश सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात : 'ब्रेक ऑन थ्रू' हे पहिले एकल गाणे अपयशी ठरले, 'लाइट माय फायर'ची सुमारे सात मिनिटे कापून तीन मिनिटांच्या आत आणली गेली, ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि अल्बम बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'मागे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. गंमत अशी की त्या कापण्यात गेला तो नेमका कोल्ट्रेनकडून आलेला विस्तार. तो ऐकायचा तर पूर्ण अल्बम घ्यावा लागे, किंवा लांब गाणी लावू लागलेल्या नव्या एफएम केंद्रांकडे वळावे लागे. अल्बम हीच मुख्य कलाकृती मानण्याची सवय श्रोत्यांना लागली, त्यात या गाण्याचा वाटा आहे. १९५० मध्ये स्थापन झालेली आणि लोकसंगीतासाठी ओळखली जाणारी इलेक्ट्रा या यशानंतर रॉकची महत्त्वाची कंपनी बनली. इलेक्ट्राचा प्रमुख जॅक होल्झमन याने या अल्बमसाठी सनसेट स्ट्रिपवर उभारलेला भव्य जाहिरातफलक पुढे सगळ्या कंपन्यांनी गिरवला.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो वादकांवरचा परिणाम. १९६८ मध्ये होसे फेलिसियानोने 'लाइट माय फायर' संथ लयीत, गिटारवर, लॅटिन ढंगाने गायले आणि ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेले. तिरकिट यांनी सांगितलेला कडव्याखालचा लॅटिन ठेका मूळ गाण्यातच दडलेला होता, फेलिसियानोने तो फक्त वर आणला. ऑक्टोबर १९६७ मध्ये मिशिगन विद्यापीठातला डोअर्सचा कार्यक्रम तरुण इगी पॉपने पाहिला आणि त्यातून त्याच्या स्टूजेस या बँडची दिशा ठरली. त्याच महिन्यात जॉन स्टिकनी या समीक्षकाने डोअर्ससाठी 'गॉथिक रॉक' हा शब्द वापरला, आणि पुढे जॉय डिव्हिजनसारख्या इंग्लिश बँडांच्या संगीताला तो चिकटला. जॉय डिव्हिजनचा गायक इअन कर्टिस याच्या खालच्या पट्टीतल्या आवाजात मॉरिसन ऐकू येतो, हे उघड आहे. स्ट्रँग्लर्स या इंग्लिश बँडच्या ऑर्गनमध्ये मँझारेक ऐकू येतो.

१९७९ मध्ये दिग्दर्शक कोपोलाने 'अपोकॅलिप्स नाऊ' या चित्रपटाच्या आरंभी जळणाऱ्या जंगलावर 'द एंड' वापरले आणि एका नव्या पिढीने हे गाणे व्हिएतनाम युद्धाचे गाणे म्हणून ऐकले. त्यामुळे डोअर्सची लोकप्रियता पुन्हा वाढली हे खरे, परंतु गाण्यातला तो स्थिर षड्ज आणि त्याभोवतीची घडण चित्रांच्या भाराखाली झाकली गेली, असे मला वाटते.

या अल्बमचा सर्वांत जिवंत वारसा मला लॉस एंजेलिसच्याच एक्स या पंक बँडमध्ये दिसतो. १९८० च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचा निर्माता स्वतः रे मँझारेक होता. त्यात त्यांनी डोअर्सच्या या पहिल्या अल्बममधले 'सोल किचन' घेतले, पण जेम्स ब्राउनच्या बँडची आठवण करून देणारा मूळ गाण्याचा झोकदार ठेका काढून टाकून ते प्रचंड वेगाने वाजवले. मँझारेकने त्यांना अडवले नाही. डोअर्सनेही चौदा वर्षांपूर्वी डिक्सनशी आणि वाइलशी असाच मोकळेपणा घेतला होता. ते गाणे दोन्ही रूपांत लागोपाठ ऐकून त्यावर कोणी लिहिणार असेल, तर वाचायला फार आवडेल.